टोपीवाला गात होता की नाही

सोफे दुरुस्त करणाऱ्या माणसाला बोलायचं काम फारसं पडत नाही. ओठांत बारीक खिळे धरलेले असतात, हातात हातोडी असते, आणि गिऱ्हाईक काय सांगेल त्यावर मान हलवली की भागतं. आपल्या सोफेवाल्याला हे काम मानवलं ते त्यामुळेच. कारण त्याने तोंड उघडलं की लोक हमखास एकच प्रश्न विचारत, आणि त्या प्रश्नाला त्याने पंचवीस वर्षांत एकदाही धड उत्तर दिलेलं नव्हतं.

प्रश्न असा, की तुम्ही खरंच गायचात का हो?

झालं होतं असं. विशीत असताना तो 'पाचवा मजला' नावाच्या बँडमध्ये होता. पाच पोरं, पाच पांढरे शर्ट, आणि केसांना इतकं जेल की नळाखाली धरली तरी डोकी कोरडी राहावीत. त्यांची बाकीची गाणी आली तशी गेली. पण 'जाताना हाक मार' हे एक गाणं असं काही चाललं की विचारू नका. वाण्याच्या दुकानात तेच, दंतवैद्याच्या खुर्चीत तेच, शेजारणीच्या खिडकीतून तेच. ज्याला ते पाठ नव्हतं तो माणूस एकतर ठार बहिरा होता, नाहीतर अजून जन्मायचा होता. संथ चाल, दारात उभी असलेली मुलगी, आणि 'जाताना हाक मार, मी जागाच आहे' असं म्हणत तिला जाऊ देणारा आणि जाऊ न देणारा एक कुरळ्या केसांचा मुलगा. हा कुरळा त्यांचा मुख्य गायक. पोस्टरवर तो मधोमध. आपला सोफेवाला पोस्टरच्या अगदी कडेला, डोळ्यांपर्यंत ओढलेल्या टोपीत. म्हणून सगळे त्याला टोपीवाला म्हणायचे.

मग कुठल्याशा मासिकाने छापलं की टोपीवाला गात नाही, नुसते ओठ हलवतो. उंच आहे, नाचतो बरा, म्हणून घेतलाय. त्याचा माईक बंदच असतो. कंपनीचे साहेब म्हणाले, छापू दे, गाणं आणखी खपेल. गाणं खपलं. दोन वर्षांत बँड मोडला, कुरळा परदेशी गेला, बाकीचे आपापल्या उद्योगाला लागले. ती बातमी मात्र चिवट निघाली. टोपी गेली, टोपीखालचे केसही गेले, बातमी राहिली.

आपण ती कधी मनाला लावून घेतली नाही, असं सोफेवाला म्हणायचा. म्हणेना का. लावून घेतली होती ती त्याच्या मुलीने. शाळेत एक पोरगा "तुझे बाबा मुके गवई" म्हणाला तेव्हा तिने त्याला डबा फेकून मारला होता, आणि मुख्याध्यापिकेसमोर उभं केल्यावरही "माझे बाबा गायचे" एवढंच म्हणत राहिली होती. बायकोला या प्रकरणाचं सोयरसुतक नव्हतं. ती इस्पितळात नर्स, तिला गाण्यापेक्षा झोप प्यारी. पण मुलगी मानते ना, मग झालं. जगात एका माणसाने आपल्याला खरं मानलं की पुष्कळ झालं, असं सोफेवाल्याने स्वतःची समजूत घातली होती, आणि ती आजवर टिकली होती.

तर त्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा लिफ्टा दुरुस्त करायचा. सरळ, हसरा, आणि कुठल्याही इमारतीत शिरला की आधी वर बघणारा. दोघांचं आपसांत केव्हाच जमलेलं. दोन्ही घरं एकत्र जेवायची तेवढी राहिली होती. मुलाची आई पार्लर चालवायची, आणि घर त्याच पार्लरच्या वर, दीड खोलीचं. सहा माणसं तिथे बसली असती तर एकाला खिडकीत लटकावं लागलं असतं. म्हणून पार्लरच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी, खालीच, आरशांसमोर जेवण मांडलं होतं. कात्र्या-कंगवे ड्रॉवरमध्ये गेले होते, फळीवर शाम्पूच्या बाटल्यांशेजारी सूपचं पातेलं आलं होतं, आणि पाहुण्यांना बसायला त्या गोल फिरणाऱ्या खुर्च्या. सोफेवाल्याने बसण्याआधी सवयीने सीट दाबून बघितली. आतला फोम बसलेला होता. तो जपून कडेला बसला.

होणारी विहीण म्हणजे नुसता धबधबा. आल्या आल्या तिने सगळ्यांच्या हातात ग्लास दिले, सुनेच्या केसांची टोकं तपासली, नवऱ्याला दोनदा हटकलं आणि नॅपकिन काढायला टॉवेलांचं कपाट उघडलं. कपाटाच्या दाराला आतून एक जुनं पोस्टर चिकटवलेलं होतं. पाच पांढरे शर्ट. तिने पोस्टरकडे बघितलं, मग सोफेवाल्याकडे, मग पुन्हा पोस्टरकडे.

"अगंबाई! टोपीवाले!"

"आई, मी तुला सांगणार होतो," लिफ्टवाला म्हणाला. "म्हटलं जेवताना सांगू."

"जेवताना? मेल्या, मी केस तरी सेट केले असते!" विहीणबाई धपकन खुर्चीत बसल्या, खुर्ची अर्धी फिरली, त्या पाय रोवून परत आल्या. "अहो, मी तुमचा एकही कार्यक्रम सोडला नव्हता. आमच्या घरात ते गाणं अजून रोज लागतं. यांना विचारा."

'यांना' म्हणजे तिचा नवरा, बस चालवणारा. कुणी काही न विचारताच त्याने मान हलवली. "रोज," तो म्हणाला. त्या एका शब्दात त्याचा सगळा संसार आला.

"आणि एक सांगू का, टोपीवाले?" विहीण प्रेमाने पुढे झुकली. "आम्हा मैत्रिणींना माहीत होतं हं, तुमचा माईक बंद असायचा ते. पण ओठ काय हलवायचात हो! एक शब्द इकडचा तिकडे नाही. गाणाऱ्यांना जमणार नाही इतकं सुरेख."

आता हे तिने कौतुक म्हणून सांगितलं, त्यात खोट नव्हती. पण सोफेवाल्याच्या मुलीने ग्लास खाली ठेवला.

"काकू, माझे बाबा गायचे."

"अगं, त्यात एवढं काय! न गाण्यात कमीपणा थोडाच आहे?"

"नाही, पण ते गायचे. बाबा, म्हणून दाखवा ना."

सोफेवाल्याने आधी टाळायचा प्रयत्न केला. सूप गार होईल म्हणाला, घसा बसलाय म्हणाला. झाकली मूठ सव्वा लाखाची हे त्याला पंचवीस वर्षांच्या अनुभवाने पक्कं ठाऊक होतं. पण पार्लरमध्ये एक पंचाईत असते. माणसाचा चेहरा टाळावा म्हणून नजर वळवली, तर तोच चेहरा दुसऱ्या आरशात दिसतो. सगळ्या आरशांतून त्याची मुलगी त्याच्याकडे बघत होती, डबा फेकून मारायच्या तयारीत. आणि खरं सांगायचं तर त्यालाही वाटलं, की होऊन जाऊ दे एकदा. तो उठला, शर्ट खाली ओढला, आणि गायला लागला.

सूर स्वच्छ होता. शब्द बरोबर होते. पण जे बाहेर पडलं ते 'जाताना हाक मार' नव्हतं.

सगळं एकाच उंचीवर चाललं होतं, सपाट रस्त्यावरून सायकल जावी तसं. मध्ये एकदा एक पायरी खाली आलं, पुन्हा वर गेलं, परत तिथेच. 'मी जागाच आहे' या ओळीला कुरळा थेट गच्चीवर जाऊन पोचायचा आणि ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा यायचा. तिथे सोफेवाला तळमजल्यावरच राहिला. कडवं संपलं.

"आमच्या स्टँडवर गाड्या उशिरा असल्या की साधारण असंच सांगतात," बसवाले व्याही म्हणाले.

बायकोने हसू दाबायला नॅपकिन तोंडाशी धरला. होणारा जावई सुपात काहीतरी शोधू लागला. सोफेवाल्याला वाटलं सुरुवातच चुकली असेल, म्हणून त्याने पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. तेच आलं, फक्त मोठ्याने. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. हे गाणं तो हजार वेळा गायला होता. त्याची चाल रस्त्यावरच्या शेंबड्या पोराला येत होती, आणि ती त्याच्याच घशात कुठे सापडेना.

"अहो, होतं असं," विहीण मायेने म्हणाली. "वय कुणाला चुकलंय? माझा रंग उतरला ना, तर तुम्ही मला आजी म्हणाल."

मग मुलगी बोलली. "राहू दे, बाबा."

किती हळू म्हणाली ती! त्यात राग नव्हता, चीड नव्हती. आजारी माणसाच्या अंगावर पांघरूण सारखं करावं तसं ते 'राहू दे' होतं. ती त्याच्या बाजूने भांडायची थांबली होती. त्यापेक्षा तिने समोरचं पातेलं फेकून मारलं असतं तर सोफेवाल्याला बरं वाटलं असतं.

तो हात धुवायचं निमित्त करून मागच्या बाजूला गेला. तिथे केस धुवायचं बेसिन होतं, मानेसाठी खाच असलेलं. नळ सोडून तो उभा राहिला आणि मनाशी गाणं लावून बघू लागला. कुरळ्याचा चेहरा आठवला, दिवे आठवले, चाल आठवेना. आणि मग एकदम त्याला गाणं शिकवणाऱ्या बाई आठवल्या, आणि सगळाच उलगडा झाला. तो नळ तसाच सोडून बाहेर आला.

"मला ती चाल येतच नाही," तो म्हणाला. "मी ती कधी गायलोच नाही."

"म्हणजे काकू म्हणतात तेच ना?" मुलीचा आवाज खोल गेला होता.

"नाही गं. ऐक तरी."

आणि जन्मात पहिल्यांदा तो सलग बोलला. बँडचं नाव 'पाचवा मजला' पडलं, कारण बाईंची खोली पाचव्या मजल्यावर होती आणि त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. (लिफ्टवाल्याने इथे हळहळून मान हलवली.) गाण्याचे शब्द पाचही जणांना तेच, पण प्रत्येकाचे सूर वेगळे. चाल गायची ती कुरळ्याने. दोघांचे सूर त्याच्या वरून, दोघांचे खालून. टोपीवाल्याचा सूर सगळ्यांत आतला, चालीला अगदी खेटून चालणारा. आता चाल ही वस्तू मोठी चिकट. शेजारी कुणी ती गात असेल तर आपलं तोंड आपोआप तिकडे ओढलं जातं. म्हणून बाईंचा नियम होता, की ज्याच्या तोंडात दुसऱ्याचा सूर येईल त्याने पाच मजले उतरायचे, पाच मजले चढायचे, आणि धापा टाकत आपलाच सूर गाऊन दाखवायचा. टोपीवाला चालीच्या सगळ्यांत जवळचा, त्यामुळे सर्वांत जास्त जिने त्यानेच झिजवले. त्याच्या पोटऱ्या पहिलवानासारख्या झाल्या, आणि ती चाल त्याच्या डोक्यातून जी हद्दपार झाली ती आजतागायत परतली नाही.

"आणि बाई म्हणायच्या, तू वेगळा ऐकू आलास की तू चुकलास," तो म्हणाला. "म्हणून मी कधी वेगळा ऐकू आलो नाही. दुकानात रेडिओवर गाणं लागतं ना, तेव्हा मी हातोडी थांबवून स्वतःला शोधतो. मलाही मी सापडत नाही. कधी कधी वाटतं, त्या मासिकाचंच खरं होतं की काय."

"थांबा, थांबा," बायको म्हणाली. "अंघोळ करताना तुम्ही जे गुणगुणता, ते हेच?"

"हेच."

"इतकी वर्षं? मला वाटायचं तुमची दाढ दुखतेय!"

सगळे हसले, मुलगीही हसली, पण तिचं हसू ओठांवरच राहिलं. विहीणबाई "असेल हो, असेल" म्हणत भराभर मान हलवत होत्या. गेल्या महिन्यापर्यंत माझे केस दाट होते असं सांगणाऱ्या गिऱ्हाइकांना त्या असंच म्हणत. सोफेवाल्याला कळत होतं की आपलं बोलणं सबबीसारखं वाटतंय. त्याचं त्यालाही वाटत होतं. एरवी तो इथे गप्प बसला असता, पंचवीस वर्षं बसलाच होता. पण मुलीचं ते 'राहू दे' त्याला बसू देईना.

"विहीणबाई, तुम्ही गा," तो म्हणाला. "चाल तुम्ही गा."

असं म्हणायची खोटी. विहीण उभी राहिली, तिने डोळे मिटले आणि सुरू झाली. आवाज बेताचा, पण चाल पक्की. दुसऱ्या ओळीला सोफेवाला हळूच आत शिरला. तिसऱ्या ओळीला विहीण डगमगली, घसरली आणि त्याच्याच सुरावर येऊन बसली. आता दोघंही स्टँडवरची घोषणा करत होते.

"अहो, तुम्ही मला ओढताय!" ती डोळे उघडून म्हणाली.

"होतं असं. माझ्याकडे लक्षच देऊ नका. कानात बोट घाला."

तिने एका कानात बोट घातलं. पुन्हा घसरली. तिसऱ्यांदा तिने दोन्ही कानांत बोटं घातली, तेव्हा तिला स्वतःचंही ऐकू येईना आणि ती भलतीकडेच गेली. बसवाले व्याही आनंदाने बघत होते. या गाण्याची अशी दैना त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. पण सोफेवाल्याच्या मात्र अंगात आलं होतं. तो कधी नव्हे तो हुकूम सोडू लागला.

"एकट्याने नाही धरवत. सगळे गा. व्याही, तुम्हीसुद्धा."

"मी कशाला? मला काही येत नाही."

"तुम्हाला अक्षर न् अक्षर येतं," सोफेवाला म्हणाला. "रोज ऐकताय."

व्याह्यांनी नॅपकिन खाली ठेवला. ते उठले. जावई उठला, बायको उठली, आणि सगळ्यांत शेवटी, बापाकडे न बघता, मुलगी उठली. विहिणीने हात वर करून सुरुवात करून दिली. पाच जणांनी ती चाल उचलली. बायको थोडी मागून येत होती, व्याही थोडे जोरात, पण चाल आता कुणाच्या ओढण्याने हलणारी नव्हती. पहिलं कडवं त्यांचं त्यांनीच गायलं. ठीक होतं, वाढदिवसाला गातात तितपत.

ध्रुवपदाला सोफेवाला आत आला.

कुणी थांबलं नाही, पण प्रत्येकाने दुसऱ्याकडे बघितलं. गाणं तेच होतं, गाणारे तेच होते, आणि तरी आता ते ते गाणं झालं होतं, रेडिओवरचं. व्याह्यांचा भसाडा आवाजसुद्धा त्यात गोड लागत होता. विहिणीचा चेहरा एकदम विशीतला झाला. 'मी जागाच आहे'ला सगळे मिळून वर चढले, आणि विहिणीच्या डोळ्यांतून पाणी आलं, नेहमी यायचं तिथेच.

आणि ओळीच्या मधोमध सोफेवाल्याने तोंड मिटलं.

गाणं खाली बसलं. पाचही जण गात होते, एक शब्दही चुकला नव्हता, पण ते पुन्हा वाढदिवसाचं गाणं झालं होतं. विहीण गाता गाता थांबली.

"अहो, गेलात कुठे?"

"इथेच आहे."

"मग गाण्याला काय झालं?" तिने विचारलं, आणि विचारता विचारता तिलाच कळलं. तिने कपाटाच्या उघड्या दारावरच्या पोस्टरकडे बघितलं, मधल्या कुरळ्याकडे नाही, अगदी कडेला. मग ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, मी इतकी वर्षं चुकीच्या माणसासाठी रडले."

"मी तुला पहिल्यापासून तेच सांगतोय," बसवाले म्हणाले.

हशा पिकला. त्या हशात मुलगी बापापाशी आली. तिचे डोळे भरले होते आणि ती ते लपवत नव्हती, लपवायची सोयच नव्हती, सगळीकडे आरसे.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही गात होतात तेव्हा मला तुमचा आवाज ऐकू आलाच नाही. थांबलात तेव्हा कळलं."

आयुष्यात सोफेवाल्याला बक्षिसं मिळाली होती, टाळ्या मिळाल्या होत्या, एकदा तर पोरींनी त्याची टोपी पळवली होती. पण बाईंनंतर असं कुणी त्याला म्हटलं नव्हतं. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग नेहमीसारखी नुसती मान हलवली.

"मला शिकवा तुमची ओळ," ती म्हणाली. "मला ती चाल नको. ती सगळ्यांनाच येते."

"कठीण आहे. सारखी ओढली जाशील."

"जाईन. पुन्हा येईन."

सूप केव्हाच गार झालं होतं. विहिणीने ते पुन्हा शेगडीवर चढवलं, डोळे पुसले, आणि हातातल्या डावाने सगळ्यांना जागेवर उभं केलं. टोपीवाल्यांच्या शेजारी सूनबाई, बाकीचे या बाजूला.

"चला, पहिल्यापासून," ती म्हणाली. "आणि टोपीवाले, या वेळी मध्ये थांबायचं नाही."

सोफेवाल्याने मुलीच्या कानाशी वाकून तिला तिचा पहिला सूर दिला, आणि सगळे गायला लागले.